डी कमी, शुगर काठावर: रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं?

हल्ली साताऱ्यात काय, सांगली-मिरजेत काय, चाळिशीच्या पुढचा माणूस तपासणी करून आला की रिपोर्टात दोन गोष्टी हमखास ठळक अक्षरांत दिसतात. व्हिटॅमिन डी कमी, आणि शुगर काठावर. जोडीला बीपी थोडं चढलेलं. मग कुणीतरी सांगतं, "डी कमी आहे म्हणून शुगर वाढली, पावडरची पाकिटं घे, सगळं जागेवर येईल." दुसरा म्हणतो, "सगळा कंपन्यांचा धंदा आहे, सकाळी उन्हात बस." दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं चुकीचं.

माझा स्वतःचा रिपोर्ट असाच आला होता, पाठोपाठ आईचाही. त्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून, वाचून, पडताळून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. औषधाचा डोस डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि बाहेरच्या कुठल्या सल्ल्याकडे काणाडोळा करायचा, हे या लेखातून कळावं.

१. आधी नातं काय आहे ते समजून घ्या

डी हे नावापुरतं जीवनसत्त्व. शरीरात ते संप्रेरकासारखं काम करतं. उन्हातले अतिनील-बी किरण कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थापासून ते तयार होतं. पुढे यकृतात त्याचं साठवणीचं रूप बनतं आणि मूत्रपिंडात कामाचं रूप. हे कामाचं रूप ओळखणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) फक्त हाडांत किंवा आतड्यांत नसतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात, तिच्या भिंतीतल्या स्नायूंत आणि इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतही ते आहेत. शास्त्रज्ञांचं लक्ष इकडे वळलं ते यामुळेच.

रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने वाहिनी सैलावते. डीची पातळी चांगली असताना हे काम नीट चालतं असं प्रयोगशाळेत दिसतं. बीपी वाढवणाऱ्या रेनिनला डी आवर घालतं, हेही २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. इन्शुलिनच्या बाजूने पाहिलं तर बीटा पेशीतून इन्शुलिन बाहेर पडायला कॅल्शियमची नेमकी हालचाल लागते आणि तिथे डीचा हात असतो. स्नायूंच्या पेशींनी इन्शुलिनला किती दाद द्यावी, यातही त्याचा वाटा असल्याच्या खुणा आहेत.

एवढं वाचून वाटतं, मग डी भरलं की काम फत्ते! इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून पुढचा मुद्दा सावकाश वाचा.

२. ‘एकत्र दिसतं’ आणि ‘त्याच्यामुळे होतं’ यात फरक आहे

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथल्या १,७३९ लोकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात दर मिलिलिटरला डी १५ नॅनोग्रॅमच्या खाली होतं, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. असे अभ्यास पुष्कळ आहेत. पण ज्याच्या पोटावर चरबी जास्त, त्याचं डी चरबीत विरून रक्तात कमी दिसतं, आणि त्याच माणसाची शुगरही वाढते. जो आजारी असतो तो घरात बसतो, त्याला ऊन मिळत नाही. अशा वेळी कमी डी हे आजाराचं कारण नसून आजाराची खूण असू शकतं.

खरं-खोटं करायचं तर अर्ध्या लोकांना डी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन वर्षानुवर्षं बघावं लागतं. तेही झालं आहे. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांना सुमारे ५ वर्षं रोज २,००० युनिट किंवा खोटी गोळी दिली. हार्ट अटॅक, पक्षाघात यांत फरक पडला नाही. न्यूझीलंडमध्ये ५,११० लोकांना महिन्याला १ लाख युनिट देऊन पाहिलं, तिथेही नाही. बीपीबाबत ४६ चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला, त्यातही डीने बीपी उतरत नाही असंच निघालं.

शुगरचं चित्र जरा वेगळं आहे. ‘डीटूडी’ नावाच्या चाचणीत काठावरची शुगर असलेल्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट दिली. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्यांत मधुमेह थोडा कमी दिसला, पण तो फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. त्यातल्या बहुतेकांचं डी मुळातच ठीक होतं, हेही लक्षात घ्या. पुढे २०२३ मध्ये अमेरिका, नॉर्वे आणि जपानच्या तीन चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा काठावरून मधुमेहात जाण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणूनच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (संप्रेरकांच्या तज्ज्ञांची संघटना) २०२४ च्या मार्गदर्शनात असं सुचवलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या जास्त धोक्याच्या प्रौढांना आहार-व्यायामाच्या जोडीने डी द्यायला हरकत नाही.

‘आहार-व्यायामाच्या जोडीने’ हे शब्द सोडून पुढे जाऊ नका. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने आपल्याच लोकांवर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या आहार-व्यायामाने हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता. पाकीट घेऊन चालणं सोडणारा माणूस मोठा फायदा टाकून छोटा उचलतो.

थोडक्यात, कमतरता असेल तर ती भरून काढाच. हाडं आणि स्नायू यांच्यासाठी ते लागतंच, शुगरला थोडा हातभार लागण्याचीही शक्यता आहे. पण बीपीची किंवा शुगरची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नका.

३. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

- जुने सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. एका आकड्यापेक्षा त्याचा चढ-उतार जास्त सांगतो.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. कॅल्शियमच्या गोळ्या, ताकदीच्या म्हणून आणलेल्या पावडरी, केसांसाठीच्या कॅप्सूल, सगळं एका पिशवीत.
- आठवडाभराच्या बीपीच्या नोंदी. सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून घेतलेल्या.
- कमरेचा घेर. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, शिंप्याकडच्या टेपने मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.
- मुतखडा, किडनीचा त्रास, टीबी किंवा थायरॉइडजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार कधी झाला असेल तर त्याचे कागद.

"मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर?" असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण ध्यानात ठेवावं. त्यांचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचा, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता. अंगातली चरबी मोजली तर सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे दोघांचे फोटो लावून छापून आलं. काटा सांगतो त्यापेक्षा टेप जास्त सांगते ती यामुळे.

४. तपासणी नेमकी कोणती

नाव लिहूनच घ्या: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. हे साठवणीचं रूप आहे आणि कमतरता यानेच कळते. कधी कधी चुकून १,२५-डायहायड्रॉक्सी या नावाची, बहुधा महागडी, तपासणी केली जाते. ती कमतरता असतानाही नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते, त्यामुळे उगाच दिशाभूल होते. किडनीच्या काही आजारांत तिचा उपयोग आहे, आपल्याला नाही.

या तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही. शुगरची उपाशीपोटीची तपासणी सोबत असेल तर मात्र आठ तास काही खाऊ नका.

आता आकडे. आपल्याकडच्या बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये उत्तर देतात. काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर असतं आणि ते अडीच पट मोठं दिसतं. म्हणजे ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅमच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आकड्याआधी एकक बघा, नाहीतर डी अचानक दुप्पट झाल्याचा भास होतो.

२० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, हे बहुतेकांना मान्य आहे. २० ते ३० या पट्ट्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०११ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने ३० चा आकडा दिला होता, २०२४ मध्ये त्यांनीच तो मागे घेतला. लॅबच्या कागदावर मात्र ३० खालचं सगळं अजूनही लाल दिसतं. तुमचं २६ आलं असेल तर घाबरून जाऊ नका.

दोन सापळे इथे आहेत. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रांवर डी खोटं जास्त दिसतं. तपासणीआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना आणि लॅबला विचारा. दुसरा सापळा एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून मधुमेह. पण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फुगून येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता घरोघरी आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर बघितल्याशिवाय मधुमेहाचा शिक्का मारून घेऊ नका.

बीपी आणि शुगरची प्राथमिक तपासणी ३० वर्षांवरच्या प्रत्येकाला गावातल्या सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. डीची तपासणी तिथे होईलच असं नाही. पण शुगर आणि बीपी हे जास्त महत्त्वाचे आकडे आहेत, सुरुवात तिथून करा. आणि तब्येत ठणठणीत असलेल्या प्रत्येकाने दरवर्षी डी मोजत बसायची गरज नाही. फुल बॉडी पॅकेजात ते येतं म्हणून करू नका.

५. ऊन: कोवळं नको, डोक्यावरचं हवं

हे वाचून घरातली वडीलधारी मंडळी नाराज होतील. पण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात डी जवळपास बनत नाही. सूर्य खाली असतो तेव्हा त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात आणि लागणारे अतिनील-बी किरण वाटेतच गाळले जातात. पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन आठला खाली उतरणाऱ्यांची किंवा कृष्णाकाठी फेरी मारणाऱ्यांची शुगर त्या चालण्याने सुधारेल, ते अजिबात सोडू नये. डीसाठी मात्र वेगळी वेळ काढावी लागेल.

वेळ ओळखायची युक्ती सोपी आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड हवी. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. डिसेंबरात साताऱ्यात साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन एवढा वेळच सावली आखूड असते. मे महिन्यात साडेनऊपासून साडेतीनपर्यंत. गच्चीवर एक काठी उभी धरा, तिची सावली तिच्याच लांबीशी ताडून बघा, घड्याळ लागणार नाही.

आपण १७ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो याचा मोठा फायदा हा, की ऐन थंडीतही दुपारी हे ऊन मिळतं. युरोपातल्यांना हिवाळ्यात महिनोन्महिने मिळत नाही.

हात, पाय, जमल्यास पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटं, असा अंदाज गव्हाळ रंगाला धरायला हरकत नाही. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. कातडी चुरचुरायच्या आत सावलीत या. उन्हाळ्यात हे साडेनऊ-दहालाच उरका, बाराच्या उन्हात बसून उष्माघात ओढवून घेऊ नका. उन्हाने डीचा अतिरेक होत नाही, जादा झालेलं कातडीतच मोडून जातं.

काचेतून हे किरण येत नाहीत. बंद खिडकीशी, गाडीत किंवा दुकानाच्या काचेमागे बसून अंग तापेल, डी बनणार नाही. तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या बाईचं डी कमी निघालं की लोकांना नवल वाटतं. पण तिच्या अंगावर लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून तोंडापर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि वर मांडवाच्या वेलीची सावली. कातडी उघडी आहे कुठे? जून ते सप्टेंबर महाबळेश्वर, पाटण, कोयना भागात ढगच हटत नाहीत. तिकडच्यांनी पावसाळ्यातला रिपोर्ट वाचताना हे धरून चालावं. साठी-सत्तरीनंतर कातडीची डी बनवण्याची ताकदही बरीच उतरते, त्यामुळे आजी-आजोबांना नुसत्या उन्हावर ठेवू नका.

६. खाण्यातून किती मिळतं

फार नाही, हे आधीच सांगतो. अंड्याचा पिवळा बलक, बांगडा, तारली यांत बऱ्यापैकी. शाकाहारी ताटात जवळपास नाहीच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची ६०० युनिट सांगितली आहेत. पिशवीवर निळी ‘प्लस एफ’ खूण असलेलं टोन्ड दूध घेतलं तर लिटरमागे २०० ते ३०० युनिट मिळतात, त्याच खुणेच्या तेलात ग्रॅमला ४ ते ६. गोठ्यातलं म्हशीचं दूध आणि लाकडी घाण्याचं तेल आपल्याकडे आवडीने वापरतात, पण त्यात हे वरून घातलेलं नसतं. ते सोडा असं मी म्हणत नाही. त्यातून डी मिळतंय असं मात्र समजू नका.

७. पाकीट घेताना

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या छोट्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘कोलेकॅल्सिफेरॉल ६०,००० आययू’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे डीची ६०,००० युनिट. आत १ ग्रॅमच्या आसपास पांढरी पावडर. ती कोमट दुधात ढवळून जेवणानंतर घ्यायची, कारण डी स्निग्धात विरघळतं. उपाशीपोटी पाण्यातून घेतलं तर नीट शोषलं जात नाही. शुगर काठावर असेल तर दुधात साखर घालू नका.

कमतरतेत डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, असं आठ आठवडे देतात. नंतर महिन्याला एक किंवा रोजची लहान गोळी. सर्वांत जास्त घोळ याच वळणावर होतो. चिठ्ठी तीच, दुकानदार ओळखीचा, आणि आठवड्याचं पाकीट वर्षभर चालू राहतं. हिशेब बघा: आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साडेआठ हजार. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोजची कमाल मर्यादा ४,००० धरतात. महिन्याला एक पाकीट म्हणजे रोजचे २,०००, ते ठीक. त्याहून वाईट म्हणजे ‘रोज’ आणि ‘आठवड्याला’ यांत झालेली चूक. घरात वयस्कर माणूस घेत असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार ठरवून गोल करा, पाकीट फोडलं की फुली मारा. आईसाठी आम्ही रविवार ठरवला.

६ लाख युनिटांचं एकच इंजेक्शन मारून मोकळं होण्याची मागणी करू नका. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट तोंडाने दिली, तेव्हा पडणं आणि हाडं मोडणं कमी न होता वाढलं. हा निकाल २०१० चा आहे. थोडं थोडं आणि नियमित, हेच बरं.

बीपीच्या गोळीची पट्टी वाचा. तीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल (नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर बहुधा असतंच), तर रक्तातलं कॅल्शियम वाढायची शक्यता असते. त्यावर डीची पाकिटं आणि कॅल्शियमची गोळी अशी तिहेरी भर पडली तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातच लावू नये. फिटची किंवा टीबीची काही औषधं उलट डी कमी करतात. किडनी अधू असेल तर औषधाचं रूपच वेगळं लागतं.

८. जादा झाल्याची लक्षणं

खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, भूक मरणं, गोंधळल्यासारखं होणं. पहिली दोन नीट बघा. शुगरवाला माणूस म्हणतो, "शुगर वाढली असेल," आणि पाकीट चालूच ठेवतो. ग्लुकोमीटरवर शुगर ठीक दिसत असूनही तहान-लघवी थांबत नसेल, तर डी आणि कॅल्शियमची पाकिटं-गोळ्या लगेच थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासून घ्या. डी १०० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की काळजी, १५० च्या वर विषबाधेची भीती. वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू शकतं. रक्तवाहिन्या जपायला निघालेल्या माणसाने हे विसरू नये.

९. पुन्हा तपासणी कधी

पाकिटं सुरू केल्यावर तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, तेच एकक बघून. आधी केली तर पातळी अजून चढतीवर असते. एचबीए१सीही मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करा, एक सुई वाचते. डी ३० च्या आसपास आलं की आठवड्याचं पाकीट थांबवून पुढचा बेत डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यावर तारीख आणि ‘कधीपर्यंत’ हे शब्द हवेतच.

डी भरलं आणि शुगर तिथेच राहिली, असं पुष्कळांचं होतं. त्यात औषध फसलं असं काही नाही. अशा वेळी डीचा डोस वाढवून मागू नका. भाताचा वाढप, रात्रीच्या जेवणाची वेळ, झोप आणि जेवणानंतरचं चालणं यांच्याकडे वळा, आणि गोळी सुरू करायची का ते डॉक्टरांशी बोला.